वाचकांचे प्रश्न : पाणी आणलं म्हणून शौर्यपदक?

प्रश्न : अमेरिकेत १८७६ साली लिटल बिगहॉर्न नदीकाठी तिथल्या आदिवासींशी लढताना घोडदळाचा अधिकारी कस्टर मारला गेला, पण पदकं मिळाली ती पाणी आणणाऱ्या घोडेस्वारांना, असं वाचलं. पाणी तर आमच्याकडे मे महिन्यात बायाही नाल्यावरून आणतात. मग पदक कशाचं? आणि बंदुका अडकल्या म्हणून हरले, हे खरं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बायांवर पलीकडच्या काठावरून कोणी नेम धरून बसलेलं नसतं, एवढाच फरक. २५ जूनला कस्टरसोबतचे सुमारे २१० जण मारले गेले. सातव्या घोडदळाचे उरलेले लोक, रेनो आणि बेंटीन या अधिकाऱ्यांच्या हाताखाली, नदीकाठच्या उंच टेकाडावर वेढले गेले. वर पाण्याचा थेंब नाही आणि जखमी तहानेने कासावीस. दुसऱ्या दिवशी काही जण आपणहून निघाले. घळीतून वाकून उतरलं की आडोसा मिळे, पण नदीपाशी घळ संपे. तो शेवटचा उघडा पट्टा धावत गाठायचा, रांधायचे गंज पाण्यात बुडवून तसंच मागे पळायचं आणि घळीत आल्यावर बाटल्या भरायच्या. अरुंद तोंडाची बाटली नदीत धरून बसायला उसंत कुणाला? खोगीर दुरुस्त करणाऱ्या मॅडनच्या पायाला गोळी लागली, पाय कापावा लागला. पदक मात्र नाही. पीटर थॉम्पसनच्या हाताला गोळी लागली, तरी सार्जंटचं न ऐकता तो आणखी दोनदा गेला. सन्मानपत्रात हाताऐवजी ‘डोकं’ पडलं, हा कारकुनी चमत्कार! वरून चौघे नेमबाज उघड्यावर उभे राहून गोळ्या झाडत पाणी आणणाऱ्यांना आड देत होते. या लढाईची एकूण २४ ‘मेडल ऑफ ऑनर’ पदकं. तेव्हा सैनिकाला द्यायला दुसरं पदकच नव्हतं, हेही ध्यानात घ्या.

बंदुकीचं निम्मं खरं. घोडदळाची स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, एकबारी; खटका दाबून झाकण वर उचलायचं, काडतूस घालायचं, झाकण मिटायचं, बंदुकीचा घोडा मागे ओढायचा. काडतुसाची पुंगळी तांब्याची, म्हणजे मऊ. चामडी पट्ट्यात तिच्यावर हिरवा जंग चढे. नळी तापली की ती फुगून चिकटे. मग ओढणारा आकडा नुसती कडाच फाडी आणि पुंगळी आतच राही. कार्बाइनला गज नसल्याने चाकूचं टोक घालून ती उकरायची. पण १९८४-८५च्या उत्खननात उकरल्याच्या खुणा अगदी थोड्याच पुंगळ्यांवर दिसल्या. समोरचे लाकोटा-शायान आदिवासी संख्येने कितीतरी जास्त होते, काहींकडे लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री, विंचेस्टर बंदुका होत्या, आणि मागे त्यांची स्वतःची बायकामुलं होती.