आरोग्य केंद्राची जागा कोण ठरवते?

प्रश्न : आमच्या डोंगराळ तालुक्यात नवे प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर झाले. आजूबाजूच्या वाड्यांना मध्यवर्ती पडणाऱ्या गावी ते होईल असे वाटत होते. आता ते एका वजनदार पुढाऱ्यांच्या गावी, ग्रामीण रुग्णालयापासून अवघ्या सात किलोमीटरवर, होणार असे कळते. हे नियमात बसते का?
– एक वाचक

उत्तर : दुर्दैवाने, कागदावर बसूही शकते. सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. त्यातून किती केंद्रे हवीत हे कळते. मात्र कोणत्या गावात, हे केवळ लोकसंख्येवरून ठरत नाही. नेमक्या याच फटीतून राजकारण शिरते. केंद्रासाठी विनामूल्य जागा लागते, ती देण्याचा ठराव जे गाव आधी करते त्याचा प्रस्ताव पुढे सरकतो, आणि ठराव कधी व कसा करायचा याची माहिती पुढाऱ्यांच्या गावाला सर्वांत आधी असते.

रस्त्यालगतची जागा म्हणजे अन्यायच, असे मात्र मी म्हणणार नाही. पाणी, वीज आणि राहण्याजोगे निवासस्थान नसेल तर डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत आणि कुलूपबंद इमारत कोणाच्याच उपयोगाची नसते. तथापि, जवळच रुग्णालय असलेल्या गावाला दुसरी सोय देऊन, पावसाळ्यात ओढा भरला की बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागणाऱ्या वाड्यांना वगळणे, याचे समर्थन कोणत्याही निकषाने होत नाही. अंतर नकाशावर मोजू नये, आजारी माणसाला लागणाऱ्या वेळेत मोजावे.

माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे स्थळनिश्चितीचा प्रस्ताव, गावनिहाय लोकसंख्या व अंतराचा तक्ता आणि विचारात घेतलेल्या पर्यायी जागांची नोंद मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. दरम्यान संबंधित सर्व गावांच्या ग्रामसभांनी एकच ठराव करून तो जिल्हा आरोग्य अधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्यावा. एकट्या गावाचा ठराव हेवा समजून बाजूला ठेवला जातो, दहा गावांचा तसा ठेवणे कठीण जाते. ठरावासोबत जागेचा सातबारा जोडा. जमीन गायरान असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागेल, म्हणून तो अर्ज बांधकामाची निविदा निघण्यापूर्वीच करावा.