माशाच्या आतड्यातले जिवाणू आणि तुमचं शेततळं

उन्हाळा तापला की गावोगावहून तीच विचारणा येते : माशाच्या पोटातले चांगले जिवाणू कमी झालेत, प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंची, कुठली बाटली देऊ? म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देतो.

माशाच्या पोटात जिवाणू सापडले म्हणजे रोग झाला का? (जिंतूर)

नाही. निरोगी माशातही ते असतातच. काही तर आतड्यात ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात.

एकाच केंद्रातून शेजाऱ्याने आणि मी रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली. त्याचं मातीचं तळं, माझं पन्नीचं. त्याचे मासे वाढले, माझे अडले. केंद्राने फसवलं का? (औसा)

एवढ्यात बीजावर खापर फोडू नका. रोहू-कटल्याला जठर नसतं, त्यामुळे आम्लाचा अडसरही नाही. पाण्यातून, खाद्यातून जे आत जातं ते थेट आतड्यात पोचतं. शेजाऱ्याच्या तळ्यात गाळ आहे, प्लवंग (पाण्यातले सूक्ष्म जीव, माशाचं नैसर्गिक खाद्य) आहे. तुमच्याकडे बोअरचं नितळ पाणी आणि पेंड-कोंडा. आतड्यातली वस्ती वेगळी होणारच. पण वाढ खुंटायचं पहिलं कारण प्लवंगाची वानवा हेच असावं, जिवाणूंचा नंबर त्यानंतर. शेण टाकून पाणी हिरवं करता येतं. किती टाकायचं, ते पाणी तपासल्याशिवाय सांगणार नाही.

एप्रिलपासून खाद्यातून प्रोबायोटिक देतोय. दुकानदार म्हणाला होता, रोग येणारच नाही. तरी मे महिन्यात पोटं फुगून, अंगावर लाल चट्टे येऊन मासे मेले. कंपनी बदलू का? (गेवराई)

कंपनी राहू द्या, तळ्याकडे बघा. तुम्हीच लिहिलंय की पाणी दहा फुटांवरून चारवर आलं; मासे तेवढेच ठेवले आणि खाद्यही तेवढंच. म्हणजे दाटी वाढली, विष्ठा आणि उरलेलं खाद्य कमी पाण्यात साचलं, अमोनिया चढला. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा खाणं टाकतो. ताण आणि उपासमार सुरू झाली की आतड्यातला जिवाणूंचा तोल बिघडतो.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात असतोच, धडधाकट माशाच्या आतड्यातही सापडतो. इतरांच्या गर्दीत तो दबून असतो. मासा खचला की उसळतो. तुमची लक्षणं त्याच्याकडे बोट दाखवतात, पण खात्री प्रयोगशाळेतच होईल. असा मासा चिरून बघा : आतड्यात अन्नाचा कण नाही, नुसतं पिवळट पाणी.

प्रोबायोटिक थोतांड नाही. पण बाहेरून दिलेले जिवाणू पाहुण्यांसारखे : देणं थांबलं की बहुतेक काही दिवसांत निघून जातात. ‘एकदा द्या, वर्षभर बघायला नको’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बाटलीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू टिकत नाहीत; बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू (कवचातली झोपलेली रूपं) तग धरतात. लेबलवर जिवाणूचं नाव, ग्रॅममागे संख्या आणि मुदत नसेल तर पैसे देऊ नका. एकीकडे प्रोबायोटिक आणि त्याच आठवड्यात तळ्यात जिवाणू मारणारं पोटॅशियम परमँगनेट, हाही प्रकार सर्रास चालतो. मग मेलं कोण?

पाणी उतरू लागलं की मोठे मासे काढून विका, खाद्य कमी करा, पहाटे एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. लाइट नसेल तर डिझेल पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून पाडा. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की त्याच सकाळी मत्स्यविकास अधिकाऱ्यांना फोन करा. पत्रं येतात ती मेलेल्या माशांनी टोपली भरल्यावर.

पोल्ट्रीवाल्या मित्राने अँटिबायोटिकची पावडर दिलीय. रोग नाही, पण आधीच खाद्यात मिसळू का? (भोकर)

अजिबात नाही. त्याने उपयोगी जिवाणूही मरतात, उरतात ते औषधाला न जुमानणारे, आणि ते तुमच्याच तळ्यात मुक्काम करतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. पुडीवर नाव तरी आहे का? रोग आलाच तर तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच औषध.

खाद्यात दही कालवलं तर? (परतूर)

दही तुम्ही खा.

बायोफ्लॉकच्या टाकीत गूळ जास्त टाकला तर चांगले जिवाणू जास्त वाढतील ना? (वसमत)

वाढतील, आणि ऑक्सिजनही तेच ओढतील. गुळातला कार्बन घेऊन ते अमोनियातला नत्र वापरतात, त्यांचे पुंजके मासा खातो; बायोफ्लॉक म्हणतात ते हेच. इथवर ठीक. पण गूळ जास्त पडला आणि त्याच रात्री लाइट गेली, तर सकाळी मेलेल्या माशांनी टाकी पांढरी दिसेल. अमोनिया मोजूनच गूळ ठरवा, आणि इन्व्हर्टर नसेल तर या नादी लागू नका.

तपासणीसाठी मेलेला मासा पाठवू का? (उमरगा)

नको. मेल्यावर काही तासांत कुजवणारे जिवाणू आतड्यात माजतात, अहवाल त्यांचाच येतो. आजारी पण जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घ्या, तळ्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत. तुम्हाला उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ. नमुना घेतील का, ते आधी फोनवर विचारा आणि पहाटेच निघा.