ट्रेझरी बिल घेण्याआधी हिशोब समजून घ्या

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारचा वर्षाच्या आतल्या मुदतीचा कर्जरोखा. या बिलावर वेगळं व्याज जमा होत नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात मिळतं आणि मुदत संपली की पूर्ण 100 रुपये हातात येतात. समजा, 91 दिवसांचं बिल 98.40 ला पडलं. 1.60 ला 98.40 ने भागा, 365 ने गुणा, 91 ने भागा: वर्षाला सुमारे 6.52 टक्के. नवखे 100 ने भागतात, उत्तर 6.42 येतं आणि एफडीशी तुलनाच फसते.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट (सामान्य गुंतवणूकदारांना सरकारी रोखे थेट घेता येणाऱ्या) खात्यातून 10,000 रुपयांपासून बोली लावता येते. लिलाव सहसा बुधवारी असतो. अडीनडीचा पैसा मात्र इथे अजिबात अडकवू नका. मुदतीआधी विकायला गेलात तर एवढ्या छोट्या रकमेला गिऱ्हाईक मिळणं कठीण.