दाढेला दाताच्या रंगाचं कोणतं फिलिंग करू? जीआयसी, कंपोझिट की सिरॅमिक?

तुम्ही लिहिलंय की खालच्या दाढेला कीड लागलीय, चांदी नकोय आणि डॉक्टरांनी ही तीन नावं सांगितली. माझी एकच दाढ तीनदा भरून झालीय म्हणून सांगतो.

आधी जीआयसी केलं, ज्याला आपल्याकडे नुसतं सिमेंट म्हणतात. स्वस्त, पटकन होतं, दाताला स्वतः चिकटतं, त्यातून फ्लोराइड सुटत राहतं, त्यामुळे लहान पोरांच्या दुधाच्या दाढेला किंवा हिरडीजवळच्या किडीला चांगलंच आहे. पण मोठ्या माणसाच्या दाढेचा चावायचा भाग म्हणजे रोजची घासाघीस, त्यात आम्ही जळगावकडचे, बट्टी काय, कळण्याची भाकरी काय, भाजलेले शेंगदाणे काय... दोन वर्षांत झिजून परत खड्डा.

मग कंपोझिट, निळा लाइट मारून कडक करतात ते. छोट्या-मध्यम किडीला मी हेच सांगेन, पण त्याला थुंकी अजिबात चालत नाही, भरताना दाढ ओली झाली की पकड गेलीच. शिवाय लाइट मारला की ते थोडं आकसतं, म्हणून साधं कंपोझिट साधारण २ मिलिमीटरचे थर देत देत भरावं लागतं. माझं एका ठिकाणी कापसाचे बोळे ठेवून घाईघाईत भरलं, शेजारच्या दाढेशी फट राहिली, मेथीची भाजी रोज तिथेच अडकायची आणि वर्षभरात कडेने परत कीड! तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांनी रबर डॅम लावला, म्हणजे थुंकी लागू नये म्हणून दाढेभोवती बसवायचा पातळ रबरी पडदा, मध्ये पट्टी आणि पाचर घालून पाऊण तास सावकाश भरलं, ते सहा वर्षं झाली तरी घट्ट आहे. मटेरियल दोन्ही वेळेस कंपोझिटच बरं का, म्हणून कोणतं भरता याच्याआधी रबर डॅम लावता का ते विचारा.

सिरॅमिक मी केलेलं नाही, वहिनीने केलंय. माप घेऊन लॅबमधून बनवून आणतात, तिला दोन चकरा पडल्या, खर्चही बराच. दाढेचा कोपरा तुटला असेल, कीड मोठी असेल तर ते करा, छोट्या खड्ड्यासाठी चांगली दाढ उगाच जास्त कोरली जाते.

आणि रात्री ठणका लागत असेल, गरम लागल्यावर कळ बराच वेळ राहत असेल तर आधी एक्स-रे काढा, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेली असेल तर नुसतं फिलिंग चालणार नाही, बहुतेक रूट कॅनल लागेल. भरल्यावर दाढ उंच लागतेय का ते सुन्न असताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी चावताना टोचलं तर लगेच जाऊन घासून घ्या.