मिशनवरच्या मुलाशी बोलायचं कधी?

प्रश्न : मुलगा लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचा मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक म्हणून दोन वर्षांसाठी परदेशी गेलाय. त्याच्याशी रोज बोलता येईल का?

उत्तर : रोज नाही, आठवड्यातून एकदा. पूर्वी फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला असे. फेब्रुवारी २०१९पासून दर आठवड्याच्या ‘तयारीच्या दिवशी’, म्हणजे स्वतःच्या कामांसाठी राखलेल्या दिवशी, फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. मात्र कपडे धुणं, बाजारहाट, साफसफाईही त्याच दिवशी उरकायची असते, संध्याकाळी पुन्हा काम असतं, शिवाय मिशनरी जोडीने राहतात, त्या दुसऱ्या मिशनरीलाही आपल्या घरी बोलायचं असतं. मशीनमध्ये कपडे टाकले की लगेच कॉल, हे उत्तम. वेळ त्याच्या घड्याळाने ठरवा आणि कॉल त्यालाच करू द्या. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ तासभर पुढे सरकत असेल, तर नेमकी त्याच आठवड्यात चुकामूक होते. सुरुवातीचे महिने त्यालाही जड जातात. फोन ठेवताना फार रेंगाळू नका.