ठेकाच सापडेना, मग नाचतात कशावर?

प्रश्न: परवा दुपारी अवांगार्द (म्हणजे नेहमीचे नियम मोडणारा, प्रयोगशील) जॅझ आणि मॉडर्न डान्सचा एकत्र प्रोग्राम पाहिला, सॅक्सोफोन एकीकडे चाललाय, डान्सर भलतीकडेच, रिहर्सल न करताच आले होते का हो?

उत्तर: नाही हो, बरेचदा ते मुद्दामच असतं. कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केजनी (ते जॅझवाले नव्हेत, पण आयडिया त्यांची) डान्स आणि म्युझिक वेगवेगळं बनवायचं, फक्त वेळ सेम ठेवायची, असं वर्षानुवर्षं केलं. जॅझमध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने १९६० मध्ये दोन क्वार्टेट (चार-चार वादकांचे ग्रुप) एकत्र बसवून जवळपास ३७ मिनिटं सलग इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं) रेकॉर्ड केलं, त्यातही आधी ठरवलेलं फार थोडं होतं. पण सगळेच असं तुटक करत नाहीत, कोरिओग्राफर डायॅन मॅकइंटायर जॅझ पियानोवादक सेसिल टेलरबरोबर काम करायच्या तेव्हा डान्सर म्हणजे बँडमधलंच एक वाद्य असल्यासारखं, दोघं एकमेकांना ऐकून उत्तर देणार.

त्यामुळे पुढच्या वेळी पायांकडे बघून ठेका शोधू नका, डान्सर श्वास कधी घेतो, ड्रमर अचानक थांबला की कोण हलतं ते बघा. तरी बोअर झालं तर खुशाल उठा, काही प्रोग्राम खरंच कंटाळवाणे असतात.