हृदयविकारात छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी आणि डायनामाइट, दोन्हींत नायट्रोग्लिसरीन? मग नागपूरच्या उन्हात आजोबांची गोळी फुटेल का?

नाही फुटणार. रेणू तोच आहे, पण गोळीत तो जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, बाकी सगळी लॅक्टोजसारखी भर.

अल्कोहोलच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन जाऊन तिथे नायट्रो गट (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन) बसला की नायट्रेट एस्टर होतो; नायट्रोग्लिसरीन त्यातलंच. टीएनटी या दुसऱ्या स्फोटकात नायट्रोजन थेट कार्बनला जोडलेला असतो, इथे मध्ये ऑक्सिजन. तो ऑक्सिजन-नायट्रोजन बंध कच्चा, आणि जळणारा कार्बन व जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत. म्हणून शुद्ध द्रव नुसत्या धक्क्यानेही फुटतो. नोबेलने १८६७ मध्ये तो सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केलं.

शरीरात मात्र स्फोट वगैरे काही नाही. पेशींतली विकरं त्यातून नायट्रिक ऑक्साइड सोडवतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा ताण उतरतो. गोळीनंतर डोकं ठणकतं तेही त्यामुळेच. गिळली तर यकृत बरीचशी वाया घालवतं, म्हणून जिभेखाली.

उन्हाची खरी अडचण वेगळी. नायट्रोग्लिसरीन हळूहळू वाफ होऊन उडून जातं, प्लास्टिकमध्येही शिरतं. मे महिन्यात ४५ अंशांत सीताबर्डीला लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली गोळी दिसायला तशीच, पण ऐनवेळी कुचकामी. मूळ काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. आणि हो, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी असेल तर तो याच कुळातला, पण घन पदार्थ आहे, इतका उडत नाही. पाकीट एकदा बघाच. यांपैकी कुठल्याही गोळीसोबत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) अजिबात नको, रक्तदाब धोकादायक खाली येतो.